एका विशेषणाचा इतिहास : कोस्टाग्वानाची 'नॅशनल सेंट्रल रेल्वे'

कोस्टाग्वाना हे दक्षिण अमेरिकेतील प्रजासत्ताक कोणत्याही नकाशात सापडत नाही. जोसेफ कॉनरॅड याच्या 'नोस्ट्रोमो' (१९०४) या कादंबरीपुरतेच त्याचे अस्तित्व आहे. या देशाला राजधानी आहे, पन्नास वर्षांच्या अराजकाचा इतिहास आहे, परदेशी कर्ज आहे. आणि एक राष्ट्रीय रेल्वे कंपनीही आहे. तिचे नाव 'नॅशनल सेंट्रल रेल्वे'. तिचे संचालक मंडळ लंडनमध्ये बसते, तिचे अभियंते इंग्रज आहेत, मजूर बहुतांशी इटालियन व बास्क. देशाचा तिच्याशी संबंध दोन बाबतींत येतो : जमीन देशाची आहे आणि नावातील पहिले विशेषण देशाचे आहे.

'नोस्ट्रोमो'वरील समीक्षेने या रेल्वेकडे फारसे लक्ष दिलेले नाही. सान तोमेच्या खाणीतील चांदीने सगळी प्रतीकात्मकता स्वतःकडे ओढून घेतली. रेल्वे राहिली ती पार्श्वभूमीत, 'प्रगती' या शब्दाचे ठोकळेबाज चित्र म्हणून. असे होणे स्वाभाविक होते. चांदी माणसांना भ्रष्ट करते, त्यांच्या अंतःकरणात शिरते. रूळ कुणाच्या अंतःकरणात शिरत नाहीत. परंतु इतिहासाच्या अंगाने ही संहिता वाचावयाची तर चांदीपेक्षा रेल्वेचा धागा अधिक उपयोगी पडतो. चांदी सोळाव्या शतकातील स्पॅनिश विजेत्यांच्या काळीही होती. रेल्वे मात्र एका विशिष्ट अर्धशतकाची, एका विशिष्ट कर्जव्यवहाराची आणि 'राष्ट्र' या कल्पनेच्या एका विशिष्ट वापराची खूण आहे. येथे प्रश्न आहे तो या वापराचा. जो देश अजून एकसंध झालेलाच नाही त्याच्या नावाने कंपनी स्थापन होते, तेव्हा 'राष्ट्रीय' या शब्दाचा अर्थ काय असतो, आणि पुढे देश दुभंगला तर त्या शब्दाचे काय होते?

कादंबरीतील घटना काळाच्या क्रमाने येत नाहीत, हे सर्वश्रुत आहे. रेल्वेचा वृत्तान्तही तुकड्यातुकड्यांनी हाती येतो. त्यातील मध्यवर्ती प्रसंग पायाभरणीचा. अध्यक्ष-हुकूमशहा डॉन व्हिन्सेंते रिबिएरा मुद्दाम सुलाकोला येतो, पहिली कुदळ मारतो आणि या रेल्वेचा प्रगतिशील व देशभक्तीचे कार्य म्हणून गौरव करतो. त्यानंतर आगबोट कंपनीच्या 'जुनो' या बोटीवर मेजवानी होते. व्यासपीठ आगबोट कंपनीचे, सन्माननीय पाहुणा लंडनहून आलेला रेल्वेचा अध्यक्ष सर जॉन, उपस्थितांत खाणीचा मालक चार्ल्स गूल्ड आणि त्याची पत्नी. राष्ट्रीय सोहळ्याचे हे भोजन अक्षरशः पाण्यावर तरंगत असते, देशाच्या भूमीवर होत नाही. कॉनरॅड त्यावर भाष्य करीत नाही. करण्याची गरजही नाही.

या मेजवानीत युद्धमंत्री जनरल मोंतेरो उठतो आणि सर जॉनच्या आरोग्यासाठी पेला उंचावतो. प्रगती, शांतता, सुव्यवस्था यांवर भाषणे झडत असताना हा ओबडधोबड सैनिक सरळ सांगून टाकतो की, आपल्याला पंधरा लाख पौंड आणून देणाऱ्या माणसासाठी आपण पीत आहोत. सगळे अवघडतात. हा प्रसंग बहुतेक वाचक मोंतेरोच्या रानटीपणाचा नमुना म्हणून वाचतात, आणि कादंबरीच्या निवेदकाचा कलही तिकडेच आहे. पण त्या टेबलाभोवती खरे बोलणारा मोंतेरोच आहे. 'देशभक्तीचे कार्य' या पदाचा त्याने आकड्यात अनुवाद केला आहे. पुढे हाच मोंतेरो परकीयांना देश विकल्याच्या आरोपाचे निशाण करून बंड उभारतो. आकडा ज्याला कळला होता त्यालाच त्या आकड्याविरुद्ध 'राष्ट्र' हा शब्द वापरता आला, हा या कादंबरीच्या राजकीय जाणिवेतील फार तिखट भाग आहे.

ही 'राष्ट्रीय' आणि 'मध्य' अशी दोन विशेषणे कॉनरॅडने कुठून आणली? ती त्याच्या कल्पनेतील म्हणता येणार नाहीत. त्या काळच्या रोखेबाजारात ती सहज सापडत. मेक्सिकोत १८८० पासून ज्या दोन मोठ्या कंपन्यांनी रूळ टाकले त्यांची नावे 'मेक्सिकन सेंट्रल' आणि 'मेक्सिकन नॅशनल' अशी होती. पहिलीची सनद मॅसॅच्युसेट्स राज्याची, दुसरीची कोलोरॅडोची. मेक्सिकोचे 'मध्य' बॉस्टनमध्ये ठरत होते आणि 'राष्ट्र' डेन्व्हरमध्ये. अर्जेंटिनात रोसारिओ ते कोर्दोबा हा मार्ग १८७० मध्ये पुरा करणाऱ्या 'सेंट्रल अर्जेंटाइन' या ब्रिटिश कंपनीला सरकारने भांडवलावर सात टक्के परताव्याची हमी दिली होती आणि रुळांच्या दोन्ही अंगांना एकेक लीग रुंदीची जमीन बहाल केली होती. पेरूची कथा याहून बोलकी आहे. हेन्री मेग्ज या अमेरिकन कंत्राटदाराने १८७० मध्ये लिमाहून अँडीज पर्वतात चढणारी मध्य रेल्वे बांधण्यास सुरुवात केली. ती समुद्रसपाटीपासून ४,७०० मीटरांहून अधिक उंची गाठते. या बांधकामाने आणि त्यापाठोपाठ चिलीशी झालेल्या युद्धाने देश कर्जात बुडाला, आणि १८९० मध्ये झालेल्या कराराने पेरूच्या रेल्वे ६६ वर्षांसाठी लंडनमधील कर्जरोखेधारकांच्या महामंडळाकडे गेल्या. राष्ट्राने रेल्वे उभारावी आणि रेल्वेने राष्ट्र गहाण टाकावे, असा हा क्रम आहे.

कॉनरॅडला हा प्रदेश प्रत्यक्ष फार थोडा ठाऊक होता. १८७६ च्या सुमारास तरुण खलाशी असताना व्हेनेझुएलाच्या किनाऱ्यावर त्याने काही थोडा वेळ काढला, एवढीच त्याची शिदोरी. बाकीचा कोस्टाग्वाना त्याने पुस्तकांतून उभा केला. नॉर्मन शेरी यांनी 'कॉनरॅड्ज वेस्टर्न वर्ल्ड' (१९७१) या ग्रंथात या उसनवारीचा काटेकोर माग काढला आहे. पॅराग्वेवरील मास्टरमनच्या १८६९ च्या पुस्तकातून देकूद, गूल्ड यांसारखी नावे आली. व्हेनेझुएलावरील ईस्टविकच्या १८६८ च्या पुस्तकातून सुलाकोच्या भूगोलाचा बराच भाग आला.

या ईस्टविकपाशी मराठी वाचकाने क्षणभर थांबावे. एडवर्ड बॅकहाउस ईस्टविक (१८१४–१८८३) हा मूळचा मुंबई इलाख्याच्या सैन्यातील अधिकारी. हिंदुस्थानी व फारसी या भाषांचा तो जाणकार होता. 'गुलिस्तान'चा त्याने इंग्रजी अनुवाद केला, हेलीबरीच्या कॉलेजात हिंदुस्थानी शिकवली आणि मरे या प्रकाशनसंस्थेसाठी १८५९ मध्ये हिंदुस्थानचे प्रवासमार्गदर्शक लिहिले. त्यात मद्रास आणि मुंबई या दोन्ही इलाख्यांची माहिती आहे. तोच गृहस्थ १८६४ मध्ये लंडनच्या एका वित्तसंस्थेचा प्रतिनिधी म्हणून व्हेनेझुएलाला जातो, तिथल्या सरकारच्या कर्जाची बोलणी करतो आणि परत येऊन त्या कर्जाचा इतिहास प्रवासवर्णनाच्या जोडीने छापतो. प्रवासवर्णन आणि कर्जखाते एकाच बांधणीत येणे हा एकोणिसाव्या शतकातील ज्ञानव्यवहाराचा नमुना आहे. कोस्टाग्वाना ज्या कागदांतून जन्मला त्यांतला एक कागद, लेखकाच्या हयातीचा विचार करता, मुंबईमार्गे गेला आहे.

हा संबंध केवळ योगायोगाचा मानता येत नाही. ज्या हमीपद्धतीने अर्जेंटिनातील रेल्वे उभी राहिली तिची मोठी चाचणी आधी हिंदुस्थानात झाली होती. 'ग्रेट इंडियन पेनिन्सुला' कंपनीशी १८४९ मध्ये झालेल्या कराराने तिच्या भांडवलावर पाच टक्के व्याजाची हमी दिली गेली. कमी पडेल ती रक्कम हिंदुस्थानच्या महसुलातून भरावयाची होती. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्यास गेलेली गाडी आपल्या पाठ्यपुस्तकांत येते, ही हमी येत नाही. लोकांनी या वाहनाला नाव दिले ते 'आगगाडी', म्हणजे डोळ्यांना दिसणाऱ्या दोन वस्तूंवरून. कंपनीने स्वतःला नाव घेतले ते एका संपूर्ण द्वीपकल्पाचे, 'ग्रेट' हे विशेषण वर जोडून. गणेश व्यंकटेश जोशी यांनी १८८० च्या दशकात सार्वजनिक सभेच्या त्रैमासिकात रेल्वेविस्ताराच्या आर्थिक परिणामांची जी चिकित्सा केली, ती या दोन नावांमधील अंतराची चिकित्सा होती, असे म्हणण्यास हरकत नाही. दोहोंत एक भेद मात्र नजरेआड करता येत नाही. हिंदुस्थानची रयत हमीदार होती, पण तिच्या वतीने सही करणारे सरकार परके होते. कोस्टाग्वानात सही करणारा रिबिएरा त्याच देशाचा आहे. कॉनरॅडच्या कादंबरीचा विषय वसाहत नाही. सार्वभौमत्व शाबूत असताना वसाहतीचे काम कसे उरकते, हा तिचा विषय आहे.

सुलाको हा कोस्टाग्वानाचा पश्चिमेकडील प्रांत. एका बाजूला वारा नसलेले आखात, ज्याने शिडाच्या जहाजांना शतकानुशतके दूर ठेवले. दुसऱ्या बाजूला हिगुएरोताचे बर्फाच्छादित शिखर, ज्याने राजधानी सांता मार्ताला दूर ठेवले. आखाताचा अडसर आगबोटींनी दूर केला. पर्वताचा अडसर रेल्वेने दूर करावयाचा आहे. म्हणजे देश एक व्हावा याच हेतूने ही रेल्वे योजलेली आहे. तिच्या नावातील विशेषण हे भविष्यकाळातील क्रियापद आहे, असेही म्हणता येईल. सर जॉन राजधानीहून सुलाकोला येतो तो कड्यांच्या कडेकडेने जाणाऱ्या जुनाट घोडागाडीने. वाटेत पर्वतावर पडलेल्या मोजणीच्या तळावर त्याची मुख्य अभियंत्याशी गाठ पडते. दोघे बोलतात ते जमिनीच्या किमतीविषयी, पर्वताच्या अडचणीविषयी आणि सुलाकोत गूल्डचा शब्द किती चालतो याविषयी. जमीनमालकांना वळवावयाचे तर सरकारचा हुकूम पुरणार नाही, खाणवाल्याचा शब्द लागेल, हे दोघांनाही ठाऊक आहे. राष्ट्रीय रेल्वेला राष्ट्राच्या आत शिरण्यासाठी खाजगी शिफारस लागते.

शिफारशीचा असाच एक छोटा प्रसंग मिसेस गूल्डच्या वाट्याला आला आहे. गॅरिबाल्डीच्या सैन्यात लढलेला म्हातारा जॉर्जिओ व्हिओला रेल्वेच्या नियोजित मार्गालगत एक खानावळ चालवतो. तिला त्याने अखंड इटलीचे नाव दिले आहे. आपले घर रेल्वे पाडणार, या भीतीने तो घेरला आहे. मिसेस गूल्ड मेजवानीत सर जॉनकडे शब्द टाकते आणि घर वाचते. युरोपातील एका राष्ट्राच्या एकीकरणासाठी रक्त सांडलेला माणूस, परदेशी रेल्वेच्या अध्यक्षाने एका बाईचा मान राखला म्हणून आपल्या छपराखाली राहू शकतो. एकोणिसाव्या शतकातील राष्ट्रवादाचे दोन टप्पे, मॅझिनी-गॅरिबाल्डीचा आणि भागभांडवलाचा, येथे एका कुंपणाशी समोरासमोर येतात. कॉनरॅडची सहानुभूती म्हाताऱ्याकडे आहे; निकाल मात्र कुंपणापलीकडच्यांनी दिला आहे.

दीड वर्षाने चित्र पालटते. मोंतेरोचे बंड यशस्वी होते, रिबिएराचा पराभव होतो आणि जीव वाचविण्यासाठी तो पर्वत ओलांडून सुलाकोकडे धावतो. ज्याने राष्ट्रीय रेल्वेची पहिली कुदळ मारली तो अध्यक्ष खेचरावर बसून येतो, आणि ते खेचर गावाच्या वेशीशी त्याच्या बोजाखाली प्राण सोडते. कॉनरॅडने हा प्रसंग कादंबरीच्या अगदी आरंभी, पायाभरणीच्या वृत्तान्तापूर्वी ठेवला आहे. त्यामुळे भाषण वाचताना वाचकाला खेचर आधीच ठाऊक असते. कालक्रमाची ही उलथापालथ शैलीचा खेळ म्हणून वाखाणली जाते. येथे तिचे काम अधिक नेमके आहे : 'राष्ट्रीय' हे भविष्यकालीन विशेषण ती भूतकाळात नेऊन उभे करते.

रेल्वेविषयीचा सर्वांत श्रीमंत परिच्छेद दुसऱ्या भागात येतो. जनरल बार्रिओसच्या फौजेला बंदरावर निरोप देऊन गूल्ड मंडळींची गाडी शहराकडे परतत असते. वेशीच्या जुन्या दरवाजापाशी बांधकाम-सामानाची रिकामी गाडी कर्कश शिटी फुंकीत, खडखडाट करीत पुढून जाते. तेव्हा पॅरिसहून परतलेला, कशावरच विश्वास नसलेला मार्टिन देकूद म्हणतो की या आवाजाने एका जुन्याच सत्याला नवी धार आली आहे. पूर्वी याच वेशीबाहेर शिरस्त्राणे घातलेले आपले पूर्वज उभे असत आणि समोर इंग्रज चाचे जहाजांतून उतरत. ते चोर होते, तसेच सट्टेबाजही होते, कारण त्यांच्या प्रत्येक मोहिमेमागे इंग्लंडमधील प्रतिष्ठित मंडळींचे पैसे गुंतलेले असत. रेल्वेच्या शिटीत त्याला ड्रेकच्या तोफा ऐकू येतात.

या उद्गाराचे मोल कशात आहे? वसाहतवादाची टीका म्हणून ते आज सर्वांना परिचित वाटेल. १९०४ च्या इंग्रजी कादंबरीत ते तसे परिचित नव्हते. पण अधिक महत्त्वाची गोष्ट अशी की, देकूद ज्याला इतिहास म्हणतो त्याची पद्धत मेजवानीतील भाषणांच्या नेमकी उलट आहे. सर जॉन मिसेस गूल्डला सांगतो की, सुलाकोला आता रेल्वे, आगबोटी, तारायंत्र असे भविष्य मिळणार आहे आणि ते इथल्या चर्च-मठांच्या भूतकाळापेक्षा कितीतरी मोलाचे आहे. त्याच्या दृष्टीने रेल्वे इतिहासाची सुरुवात आहे. देकूदच्या दृष्टीने ती पुनरावृत्ती आहे. आणि तरीही, काही दिवसांतच, हाच देकूद सुलाको वेगळा देश करावा अशी योजना मांडतो. ती मांडताना खाण, बंदर आणि रेल्वे हीच त्याच्या हिशेबातील भांडवली बाजू असते. चाच्यांना ओळखणारा मनुष्य चाच्यांच्या गलबतावर चढतो. त्याच्या प्रेमाचे कारण कादंबरी देते (अँटोनियासाठी तो सुलाकोत थांबला आहे), पण योजनेचे व्याकरण प्रेमाचे नाही. ताब्यात काय आहे आणि काय राखता येईल, याचे ते व्याकरण आहे.

या रेल्वेचा इतिहास लिहिण्यास कोस्टाग्वानात एक मनुष्य लायक होता : अँटोनियाचे वडील डॉन होसे आवेयानोस. 'पन्नास वर्षांच्या कुशासनाचा इतिहास' हे त्यांचे पुस्तक छापखान्यात होते. दंगलीत जमावाने छापखाना लुटला. छापील पाने चौकात विखुरली, गटारांतून वाहिली, बंदुकांत ठासणीचे बोळे म्हणून भरली गेली आणि छापखान्यातील खिळे गोळ्यांऐवजी वापरले गेले. इतिहासग्रंथाचा दारूगोळा झाला, हे रूपक म्हणून वाचण्याचा मोह आवरणे कठीण. परंतु कॉनरॅडने १९१७ च्या प्रस्तावनेत त्यावर आणखी एक वळसा घेतला आहे. कोस्टाग्वानाविषयी आपला मुख्य आधार आवेयानोस यांचा हा अप्रकाशित ग्रंथच आहे, असे तो गंभीर चेहऱ्याने सांगतो. नष्ट झालेला ग्रंथ, काल्पनिक लेखक आणि तोच एकमेव साधनग्रंथ. खऱ्या साधनांचा, म्हणजे ईस्टविकसारख्या कर्जवसुली करणाऱ्यांच्या पुस्तकांचा, उल्लेख तो टाळतो. लॅटिन अमेरिकेतील देशाचा इतिहास त्या देशातील माणसाने लिहिलेला असावा, हे औचित्य त्याला कळत होते. तसा इतिहास आपल्यापाशी नाही, हेही कळत होते. एडवर्ड सैद यांनी 'बिगिनिंग्ज' (१९७५) मध्ये दाखवून दिले आहे की या कादंबरीतील जवळजवळ प्रत्येक पात्र आपल्या विचारांची व कृतींची नोंद मागे ठेवण्यासाठी तळमळते. त्यात भर घालावयाची ती एवढीच की रेल्वेला अशी तळमळ नाही. कंपनीला स्वतःचे दप्तर असते आणि ते लंडनमध्ये सुरक्षित असते. सुलाकोत उरतो तो कॅप्टन मिचेल, जो दिसेल त्या घटनेला 'ऐतिहासिक' म्हणतो आणि पाहुण्यांना शहर दाखवीत तीच कथा वारंवार सांगतो.

सुलाको स्वतंत्र होतो. 'ऑक्सिडेंटल रिपब्लिक' असे नवे नाव मिळते आणि नव्या ध्वजाला पहिली सलामी देते ती अमेरिकेची एक युद्धनौका. कॉनरॅड हा भाग लिहीत होता त्याच काळात वर्तमानपत्रांत पनामाच्या बातम्या होत्या. तेथे जे घडले ते कादंबरीतही अतिरंजित वाटले असते. पनामाची रेल्वे १८५५ मध्ये पुरी झाली. ती न्यूयॉर्कच्या कंपनीची, आणि १९०३ मध्ये तिचे बहुतेक समभाग फ्रेंच कालवा कंपनीच्या हाती होते. पनामा तेव्हा कोलंबियाचा प्रांत होता. ३ नोव्हेंबर १९०३ रोजी कोलंबियाचे सुमारे पाचशे सैनिक फुटीर हालचाली मोडून काढण्यासाठी कोलोन बंदरात उतरले. रेल्वेचा अधीक्षक जेम्स शेलर याने सेनापती तोबार व आमाया यांना खास डब्यात बसवून अत्यंत आदराने पनामा शहराकडे रवाना केले. सैनिकांसाठी मात्र डबे उपलब्ध नव्हते. पलीकडच्या टोकाला सेनापती पोहोचले आणि त्याच दिवशी त्यांना अटक झाली. कोलोनपुढे अमेरिकेची 'नॅशव्हिल' ही युद्धनौका उभी होती. तीन दिवसांत अमेरिकेने नव्या राष्ट्राला मान्यता दिली. एका वेळापत्रकाने देश जन्माला घातला. डिसेंबर १९०३ च्या अखेरीस कनिंगहम ग्रॅहम या मित्राला लिहिलेल्या पत्रात कॉनरॅडने पनामातील या अमेरिकन 'विजेत्यां'विषयी कडवट उपरोधाने लिहिले. कनिंगहम ग्रॅहमला लॅटिन अमेरिकेची खडान्खडा माहिती होती. त्याच्याशी बोलताना कॉनरॅडला कोलंबिया आणि कोस्टाग्वाना यांच्यात भाषांतराची गरज पडत नव्हती.

पनामातील रेल्वेने डबे नाकारून जे साधले ते सुलाकोत रेल्वे केवळ अस्तित्वात असण्याने साधते. दंगलीत तिचे इटालियन कामगार सशस्त्र होऊन गोद्या व रुळांचे आवार राखतात. मुख्य अभियंता तटस्थ आहे, म्हणजे त्याचे हित कुठे आहे हे त्याला ठाऊक आहे. आणि फुटून निघाल्यावर एक विलक्षण विसंगती शिल्लक राहते. जी रेल्वे कोस्टाग्वानाचे दोन भाग जोडण्यासाठी योजली होती, तिच्या बळावर त्यांतला एक भाग सुटा झाला. 'नॅशनल' हे विशेषण ज्या राष्ट्राचे होते ते पर्वतापलीकडे राहिले. रूळ अलीकडे राहिले. फ्रेडरिक जेमसन यांनी 'द पोलिटिकल अन्कॉन्शस' (१९८१) मध्ये ही कादंबरी वाचताना, भांडवलशाहीचे आगमन ही घटना कोणा एका व्यक्तीची कृती म्हणून कथन करता येत नाही या पेचावर बोट ठेवले आहे. हे निरीक्षण मान्य करूनही असे म्हणावेसे वाटते की, व्यक्तीची नसलेली कृती कॉनरॅडला कथन करता येत नव्हती असे नाही. रेल्वेच्या रूपाने त्याने ती कथन केली आहे. फक्त तिला पात्रांच्या नामावळीत जागा दिलेली नाही, म्हणून ती शोधावी लागते.

येथे कॉनरॅडच्या जन्माचा उल्लेख अप्रस्तुत ठरू नये. १८५७ मध्ये तो जन्मला तेव्हा पोलंड हे राष्ट्र तीन साम्राज्यांत वाटले गेले होते आणि नकाशात त्या नावाचे राज्य नव्हते. वडिलांना झारच्या राजवटीने हद्दपार केले. चार वर्षांच्या मुलाने तो प्रवास केला. राज्य नसलेले राष्ट्र म्हणजे काय, हे त्याला घरात कळले. कोस्टाग्वाना त्याची आरशातील प्रतिमा आहे : राज्य आहे, ध्वज आहे, मंत्रिमंडळ आहे, 'राष्ट्रीय' रेल्वे आहे, राष्ट्र तेवढे नाही. अशा लेखकाला सुलाकोचे फुटून निघणे आनंदाचे वाटेल अशी अपेक्षा धरावी, तर कादंबरीचा शेवटचा भाग ती फोल ठरवतो. समृद्धी येते, शहर विस्तारते आणि त्यासोबत कामगारांच्या गुप्त सभा, उरलेला कोस्टाग्वाना जोडून घ्यावा असा फादर कोर्बेलान व अँटोनिया यांचा आग्रह, आणि डॉ. मोनिगमचे भाकीत येते की भौतिक हितसंबंधांच्या वाढीत शांतता नसते. त्यांचा कायदा सोयीवर आधारलेला असतो, नीतीवर नव्हे. डॉ. मोनिगमला तुरुंगातील छळाचा अनुभव आहे, म्हणून त्याच्या बोलण्याला निराश माणसाची कटुता म्हणून बाजूला सारण्याची सोय वाचकाला मिळते. ती घेऊ नये.

कॉनरॅडनंतर त्रेसष्ट वर्षांनी गाब्रिएल गार्सिया मार्केस याच्या 'एकाकीपणाची शंभर वर्षे' (१९६७) या कादंबरीत माकोंदो गावात रेल्वे येते, तिच्यामागून केळ्यांची कंपनी येते, आणि संपावरील कामगारांची स्टेशनासमोर कत्तल झाल्यावर त्याच रेल्वेच्या शेकडो डब्यांतून प्रेते समुद्राकडे नेली जातात. मागे कोलंबियातील सिएनागा येथील ६ डिसेंबर १९२८ चे हत्याकांड आहे. तेथली रेल्वे सांता मार्ता गावाच्या नावाची होती. कॉनरॅडने आपल्या कल्पित राजधानीला हेच नाव दिलेले आहे, यात योगायोगापलीकडे काही शोधू नये. दोन कादंबऱ्यांतील खरे साम्य दप्तराविषयीचे आहे. आवेयानोस यांचा ग्रंथ पाण्यावर तरंगतो; माकोंदोत हत्याकांड झालेच नाही असे सरकारी पत्रक सांगते आणि गाव ते मानते. फरक असा की मार्केसच्या कादंबरीत डबे मोजणारा एक साक्षीदार गाडीतून जिवंत उतरतो. सुलाकोत असा साक्षीदार नाही. तेथे रेल्वेकडे पाहणारे सगळे एकतर तिचे नोकर आहेत, भागीदार आहेत, नाहीतर तिच्या कृपेने घर वाचलेले आहेत. रूळ टाकणारे बास्क आणि इटालियन मजूर कादंबरीत घोळक्यानेच दिसतात. त्यांतल्या एकालाही कॉनरॅडने नाव दिलेले नाही, आणि या संहितेची खरी मर्यादा दाखवावयाची तर ती येथे आहे.

विशेषणाचा पुढील इतिहास कादंबरीबाहेर घडला. मेक्सिकोतील 'सेंट्रल' व 'नॅशनल' या कंपन्या १९०८ मध्ये सरकारचे बहुसंख्य समभाग असलेल्या एका कंपनीत विलीन झाल्या आणि १९३७ मध्ये लाझारो कार्देनास यांनी त्यांचे राष्ट्रीयीकरण केले. अर्जेंटिनाने १९४८ मध्ये ब्रिटिश रेल्वे विकत घेतल्या. युद्धकाळात लंडनमध्ये साठलेली देशाची शिल्लक त्यात खर्ची पडली. ग्रेट इंडियन पेनिन्सुला सरकारने १९०० मध्ये खरेदी केली, पण १९२५ पर्यंत कारभार कंपनीनेच पाहिला. १९९० च्या दशकात मेक्सिको व अर्जेंटिना या दोन्ही देशांत रेल्वे पुन्हा खाजगी हातांत गेल्या. अर्जेंटिनाने २०१५ मध्ये त्या परत राष्ट्रीय केल्या. पनामाची रेल्वे १९७९ मध्ये प्रथमच पनामाच्या मालकीची झाली, १९९८ मध्ये अमेरिकन कंपन्यांना मक्त्याने दिली गेली, आणि एप्रिल २०२५ मध्ये तो मक्ता चालविणारी कंपनी एका डॅनिश जहाजउद्योगाच्या बंदरविभागाने विकत घेतली. सुलाकोत आगबोट कंपनीच्या मेजवानीला रेल्वेचा अध्यक्ष पाहुणा म्हणून बसला होता. येथे यजमानानेच पाहुण्याला विकत घेतले.